तीन-नऊ-चाळीस

कुसगावात नवा आलेला माणूस नानांचं टोपणनाव ऐकून हमखास फसतो. ‘तीन-नऊ-चाळीस घरी आहेत का?’ असं कुणी विचारताना ऐकलं की त्याला वाटतं, नाना लोणावळ्याहून नऊ-चाळीसची लोकल पकडणारे कुणी नोकरदार असणार आणि पुढचा तीन हा फलाटाचा नंबर. नानांनी रेल्वेत पस्तीस वर्षं काढली हेही खरंच असल्यामुळे गैरसमज पक्का होतो. तो कुणी दूरही करत नाही. दूर करायला बसलं की नाना येतात आणि दुपार जाते.

तीन-नऊ-चाळीस हा बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणीचा आकडा आहे. 3-9×40. म्हणजे तीनपट ते नऊपट मोठं दाखवणारी आणि पुढची काच चाळीस मिलिमीटरची. झालं. तुमच्या-माझ्यासाठी इथे विषय संपतो. नानांसाठी इथे तो फलाटाला लागतो.

लोणावळ्याला घाट उतरण्याआधी गाडीचे ब्रेक तपासतात. नानांची नोकरी त्या तपासणीत गेली. गाडी पुढे मुंबईला जायची, नाना लोणावळ्यातच राहायचे. निवृत्त झाल्यावर गाड्या बंद झाल्या, तपासणी तेवढी चालू राहिली. नवा मिक्सर घेतला तेव्हा त्यांनी त्याच्या मोटारीचे वॉट, भांड्याचे लिटर आणि पात्यांचा कोन वहीत उतरवून घेतला होता. काकूंनी तोवर पाट्यावर तीन महिने वाटण वाटलं.

बंदूक मात्र खरी आहे. नानांच्या वडिलांकडे शेती संरक्षणाचा परवाना होता, तो पुढे रीतसर नानांच्या नावावर झाला. एकनळी, बारा बोअर. बाराच का, तर एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या तर त्यांतली एक या नळीत बरोबर बसते, म्हणून बारा. ही माहिती मला नानांनी एका बारशात दिली. बारा हा शब्द कानावर पडायचा अवकाश.

शिकारीचं म्हणाल तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तो विषय मिटला. रानडुक्कर पिकात घुसत असेल तर वनखात्याकडे अर्ज करायचा, पंचनामा व्हायचा, मग भरपाई मिळायची किंवा परवानगी. नाना कायद्याचे पक्के. परवानगीशिवाय त्यांनी उंदरावरही नेम धरला नसता. त्यांच्या अर्जाला नकाशा जोडलेला असतो, त्यावर उत्तर दिशेचा बाण असतो, आणि डुकरांच्या येण्याच्या वाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. एकदा पंचनाम्याला आलेल्या वनरक्षकाने त्या नकाशाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. नानांच्या मते तो वर पाठवण्यासाठी.

शिवाय ही बंदूक सासुरवाशिणीसारखी आहे. निवडणूक लागली की माहेरी, म्हणजे पोलीस ठाण्यात. लोकसभा, विधानसभा, झेडपी, पंचायत समिती, ग्रामपंचायत. आपल्याकडे लोकशाही जितकी भरात, तितकी नानांच्या घरातली खुंटी रिकामी. जमा केल्याच्या पावत्या नाना चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवतात. डबी आता बंद होत नाही.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे या बंदुकीला दुर्बिणीची गरजच नाही. तिची नळी आतून गुळगुळीत, छरे सोडणारी. पस्तीस-चाळीस मीटरच्या पुढे छऱ्यांत जीव राहत नाही. तेवढ्या अंतरावरचं डुक्कर बघायला दुर्बीण लावायची, म्हणजे ताटातली भाकरी दुर्बिणीतून बघून तुकडा मोडण्यापैकी आहे. मी हे एकदा नानांना भीतभीत बोलून दाखवलं. ते जराही चिडले नाहीत.

“अरे, बंदूक काय, आज घरात आहे उद्या ठाण्यात. दुर्बीण आधी नीट ठरली पाहिजे.”

ती ठरवण्यात त्यांची दोन वर्षं गेली. पुण्याला कॅम्पातल्या एका जुन्या बंदुकीच्या दुकानात ते लोकलने जायचे. पहिल्या खेपेला दुकानदाराने विचारलं, “कशासाठी पाहिजे?” हा प्रश्न नानांना विचारायचा नसतो. नानांनी कुसगावचा भूगोल सांगितला, वरच्या आणि खालच्या खाचरातलं अंतर सांगितलं, भाताची जात इंद्रायणी, ती आपल्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने 1987 साली काढली हे सांगितलं, आणि शेवटी चार-बारा-पन्नास काढायला लावलं. ती नाही घेतली. दुसऱ्या खेपेला सहा-चोवीस-पन्नास पाहिली. तिच्यातून त्यांनी दुकानाच्या दारातून समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या टॉवेलाची किनार पाहिली आणि टॉवेलाची मालकीण त्यांना पाहून आत गेली. चौथ्या खेपेला दुकानदाराने तीन-नऊ-चाळीस काढली, पुसली, खोक्यात घातली आणि नानांनी विचारण्याआधीच सूट दिली.

नानांनी ती बंदुकीवर बसवली नळाच्या पाइपाच्या दोन क्लिपा आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा वापरून. काकू तिला ‘नळी’ म्हणतात. “नळीवर नळी,” असं त्या म्हणाल्या होत्या, तेव्हा नाना दिवसभर जेवले नव्हते.

नानांच्या उजव्या भुवईवर एक लहानशी चंद्रकोर आहे. दुर्बिणीच्या मागच्या काचेपासून डोळा साडेतीन इंच लांब ठेवावा लागतो; जवळ नेला तर बार निघाल्यावर बंदूक मागे येते आणि दुर्बिणीची कड भुवईत घुसते. जगभरच्या शिकाऱ्यांच्या कपाळावर ही खूण असते, असं नाना चंद्रकोरीवर बोट ठेवून सांगतात आणि तिथेच थांबतात. ऐकणारा काय समजायचं ते समजतो. खरी हकीकत काकूंकडे मिळते. दुर्बीण नवी आली तेव्हा ते झोपाळ्यावर बसून तिच्यातून लोहगडाचा विंचूकाटा बघत होते आणि नातवाने मागून झोका दिला.

आता नानांचा सिद्धान्त. तो ऐकल्याशिवाय त्यांच्या ओसरीवरून उठता येत नाही, म्हणून तुम्हीही ऐका. माणसाला वाटतं, जास्त पट म्हणजे जास्त चांगलं. चूक. पट वाढवली की चित्र मोठं होतं, पण खिडकी लहान होते. शंभर मीटरवर तीनपटीला दहा-अकरा मीटरचा पट्टा दिसतो, नऊपटीला जेमतेम साडेतीन. डुक्कर मोठं दिसतं, पण मुळात सापडलं तर! त्यात हाताचा थरकापही नऊपट, छातीचे ठोकेही नऊपट. आणि उजेड? नाना दुर्बीण हातभर लांब धरतात. मागच्या काचेत उजेडाचा एक गोल ठिपका दिसतो. चाळीसला पटीने भागायचं, तेवढ्या मिलिमीटरचा तो ठिपका. चारवर दहा, आठवर पाच, नऊवर साडेचारला थोडा कमी. नाना तो स्टीलच्या पट्टीवर पकडून दाखवतात. हे मात्र सांगायला हवं, की संध्याकाळच्या उन्हात त्या पट्टीच्या रेघांवर थरथरणारा तो पांढरा ठिपका बघताना मी दोनदा चहा थंड केला आहे. नाना कंटाळवाणे असतील, खोटे नाहीत.

“आता माणसाचा डोळा,” नाना म्हणतात. “तरुणपणी अंधारात बाहुली सात मिलिमीटर उघडते. माझ्या वयाला पाचवर अडते. म्हणजे दुर्बीण दहाचा ठिपका देते, मी पाच घेतो. पाच वाया!”

वाया जाणाऱ्या उजेडाचं नानांना जेवढं वाईट वाटतं, तेवढं लाइटबिलाचंही वाटत नाही.

यातूनच डोळ्यांच्या डॉक्टरांचा प्रसंग घडला. नानांना उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. तपासणीसाठी थेंब घातले, बाहुली मोठी झाली, आणि नानांनी पहिला प्रश्न विचारला, “किती मिलिमीटर?” डॉक्टरांनी सहज सांगितलं, सात-साडेसात असेल. नाना तसेच रिक्षा करून घरी आले. एवढी उघडी बाहुली पुन्हा या जन्मात मिळायची नाही, म्हणून दुर्बीण काढून भर दुपारी अंगणात गेले, आणि पुढचे तीन तास डोळ्यांवर ओला पंचा घेऊन माजघरात पडून राहिले. पडल्या पडल्या पंचाखालून म्हणाले, “तिच्यात उजेड होता रे. फार उजेड होता.”

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी आणखी एक चूक केली. डोळ्यात बसवायच्या भिंगाचे प्रकार सांगितले. एकाच अंतराचं, अनेक अंतरांचं, देशी, परदेशी. नाना उजळले. त्यांनी सगळ्यांची माहितीपत्रकं मागून घेतली. ‘यात तीन ते नऊ असं काही येत नाही का?’ असंही विचारलं म्हणतात. वही निघाली, रकाने आखले गेले. चार महिने गेले. मोतीबिंदू पिकला, नानांना ओसरीवरून फाटकातला माणूस ओळखू येईना, तरी रकाने भरणं चालूच. शेवटी एके दिवशी काकूच दवाखान्यात गेल्या, ‘एकाच अंतराचं, साधं’ असं म्हणाल्या आणि पैसे भरून मोकळ्या झाल्या. ऑपरेशन उत्तम झालं. नानांना अजून वाटतं, घाई झाली.

नानांच्या आयुष्यात तात्त्विक संकट एकदाच आलं. 1 ऑगस्ट 2024. पॅरिसला स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, त्यातून मध्य रेल्वेचा, तिकीट तपासनीस! नानांनी ओसरीवर पेढे वाटले. ‘आपल्या खात्यातला’ असं ते ज्या आवाजात म्हणाले, त्यावरून ब्रेक नानांनी तपासले म्हणूनच गाडी पॅरिसला पोचली असं कुणालाही वाटावं. मग गावातल्या एका कॉलेजच्या पोराने फोनवर फोटो मोठा करून विचारलं, “नाना, याच्या रायफलवर दुर्बीण किती पटीची आहे?”

दुर्बीण नव्हतीच. त्या खेळात मोठं करून दाखवणारी काच लावायला परवानगीच नाही. मागे बारीक भोक, पुढे कडी, बस्स. आणि निशाणाचा दहाचा गोल केवढा, तर 10.4 मिलिमीटर. पन्नास मीटरवर.

नाना बोलले नाहीत. त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यातून बरोबर तेवढा गोल कापला. शर्टाच्या बटणाएवढा झाला. गोठ्याच्या भिंतीला चिकटवला, पन्नास पावलं मोजत मागे गेले आणि उघड्या डोळ्यांनी पाहिलं. गोठा दिसला. मग दुर्बीण लावून पाहिलं. तीनवर भिंत दिसली, नऊवर गोल दिसला आणि त्यावर बसलेली माशी दिसली. बंदुकीच्या नळीच्या टोकावर नेम धरायला जो बारीक मणी असतो, त्यालाही आपल्याकडे माशीच म्हणतात. नानांच्या बंदुकीवरची माशी दुर्बिणीच्या क्लिपांआड केव्हाच झाकून गेली होती.

दोन दिवस दुर्बीण खोक्यात होती. काकूंना वाटलं, सुटलो. तिसऱ्या दिवशी सकाळी नाना चहाच्या टपरीवर आले आणि म्हणाले, “कागद भात खात नाही.” एवढं बोलून त्यांनी चहा सांगितला. संकट टळलं होतं.

त्याच वर्षी कोजागरीला मी नानांबरोबर माळ्यावर होतो. 16 ऑक्टोबर. खालच्या खाचरातली इंद्रायणी दाण्यात भरलेली, दाणा दाबला तर दूध निघेल अशी. डुकरांना हा दाणा आपल्यापेक्षा आधी कळतो. वनखात्याची परवानगी या वेळी खरोखरच हातात होती, शिक्क्यासकट. आणि आदल्याच दिवशी, 15 तारखेला, विधानसभेची निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली होती. बाकीचे परवानेवाले नोटिशीची वाट बघत होते. नानांनी 16 तारखेला सकाळी साडेदहाला बंदूक स्वतः नेऊन दिली. पावती डबीत.

तेव्हा माळ्यावर नाना होते, मी होतो, मसाला दुधाचा थर्मास होता आणि बंदुकीवरून उतरवलेली दुर्बीण होती. ती नानांनी माळ्याच्या कठड्याला त्याच दोन क्लिपांनी बांधली होती.

चांदणं असं पडलं होतं की वहीतलं वाचता यावं. वही होतीच. एक्स्प्रेस वेवरच्या गाड्यांचा आवाज लांबून येत होता. खोपोलीकडून डोंगर पोखरून येणाऱ्या मिसिंग लिंकच्या कामाचे दिवेही एका अंगाला दिसत होते. रात्री बाराला नानांनी मला विचारलं, “को जागर्ति?” मी म्हटलं, “मी, नाना.” ते म्हणाले, “मग आता बोलू नकोस.”

साडेबाराच्या सुमाराला खालच्या बांधाचं गवत हललं. मग भाताच्या काड्या मोडल्याचा बारीक कडकड आवाज. नानांनी डोळा लावला, साडेतीन इंच अंतर ठेवून. मला नुसत्या डोळ्यांनी खाचरात काळ्या गोण्या हलल्यासारख्या दिसत होत्या.

“काय दिसतंय?” मी कुजबुजलो.

“काळं.”

“काळं काय?”

“नुसतं काळं. नऊवर आहे.” कडी फिरल्याचा आवाज आला. “सहा. केस दिसतायत. पाठीवरचे. उभे राठ केस.” पुन्हा कडी. “चार. कान.” मग बराच वेळ काहीच नाही. मग नाना म्हणाले, “तीन,” आणि त्यांचा आवाज बदलला. “अरे, मादी आहे. पिलं आहेत. एक, दोन... पाच... सात. पट्टे आहेत रे अंगावर! चिपाडासारखे पट्टे.”

खाली आमचा भात मोडत होता. पिलं मादीच्या मागे एका ओळीत चालली होती, आणि मादी ओंब्या तोंडात धरून बाजूने ओढत होती, आपण हुरडा ओरबाडतो तशी. एक पिलू मागे राहिलं. ते धावत पुढे गेलं, पुन्हा काहीतरी हुंगायला थांबलं, पुन्हा मागे राहिलं. नाना त्याच्या मागे दुर्बीण फिरवत होते.

“हे सातवं जरा रेंगाळतंय,” ते म्हणाले. “आमच्या धाकट्यासारखं.”

“नाना, डबा वाजवू का?”

“थांब.”

“नाना, अर्धं खाचर जाईल.”

“अरे थांब, आत्ता कुठे नीट जुळलंय. तीन आणि चारच्या मधे. साडेतीनच्या जरा अलीकडे. उजेड बघ, बारा मिलिमीटरचा ठिपका, मी त्यातला पाच घेतोय, तरी दिवसासारखं...”

मी तेलाचा रिकामा डबा उचलला आणि दगडाने बडवला. मादीने एकदा मान वर केली, फुरफुरली, आणि सगळी ओळ बांधावरून खाली रानात उतरली. सातवं सगळ्यात शेवटी. बांधावर घसरलं, उठलं, गेलं. चांदण्यात मोडलेला भात राहिला.

नाना दुर्बिणीवरून डोळा काढायला तयार नव्हते. मग त्यांनी थर्मास उघडला, मला दूध दिलं, स्वतः घेतलं नाही. खाली उतरताना एवढंच म्हणाले, “तुला घाई फार.”

पंचनामा झाला. नानांनी जोडलेल्या जबाबात डुकरांची संख्या, वेळ, अंतर आणि पिलांच्या पट्ट्यांचं वर्णन होतं. नुकसान किती झालं हे लिहायचं राहिलं होतं. तो रकाना काकूंनी भरला. 23 नोव्हेंबरला निकाल लागला, त्यानंतर बंदूक परत आली. तोवर भात झोडून कणगीत पडला होता. नानांनी नळी साफ केली, तेल लावलं, खुंटीला टांगली. क्लिपा पुन्हा बसवल्या नाहीत. दुर्बीण माळ्याच्या कठड्यालाच बरी, असं त्यांचं आता मत आहे. तिथे धक्का बसत नाही.

मी आता पुण्यात असतो. मागच्या हंगामात एका रात्री दीडला फोन वाजला. दीड वाजता फोन आला की माणूस घाबरतोच. मी उठून बसलो.

“अरे,” नाना अगदी हळू आवाजात म्हणाले, “चार-बारा-पन्नास कसं वाटतं तुला? पन्नासला चारने भागलं तर साडेबारा येतात.”

“नाना, तुम्ही आहात कुठे?”

“माळ्यावर.”

“मग डुकरं आली का?”

“आली ना.”

“डबा वाजवा की मग!”

तिकडून कडी फिरल्याचा आवाज आला.

“थांब रे,” नाना म्हणाले. “नऊ झालीत.”